डावीकडे

प्रिय तेओफिलो,

तू पाठवलेली पेटी गेल्या आठवड्यात मंगळवारच्या जहाजाने पोचली. आत निघालं ते असं : खाऱ्या मांसाचे डबे चोवीस, छियाण्णव डॉलर. जाड बिस्किटांचे मोठे डबे दोन, अठ्ठेचाळीस. निळं फुलांचं कापड दहा वार, साठ. सांधेदुखीचं तेल सहा बाटल्या, छत्तीस. आणि पुरुषाच्या बुटांचा एक जोड, एकशे चाळीस. किमतीच्या चिठ्ठ्या काढायला तू विसरलास म्हणून मला इतकं नेमकं लिहिता आलं. विसरला नसशील तरी हरकत नाही, देणाऱ्याचा आकडा घेणाऱ्याला कळलेला बरा. आपिया बंदरापासूनचं भाडं बावीस डॉलर मी भरलं. बिस्किटांचा एक डबा खाऱ्या पाण्याने भिजला होता, तो डुकरांनी आवडीने खाल्ला.

मांसाचे डबे मी घरात ठेवले नाहीत. घरात आम्ही दोनच माणसं, मी आणि लिनो, आणि तो हल्ली फार जेवत नाही. सगळे डबे गावाच्या वाटणीत घातले. कापड चर्चच्या वेदीला दिलं. वाटणीच्या जागी म्हातारा केलेमेनीच अजून नावं पुकारतो. डोळे गेले आहेत, पण कुठल्या घरात किती तोंडं हे त्याला पाठ आहे. डबे संपल्यावर त्याच्या हाताला बुटांचा जोड लागला. तो वर धरून म्हणाला, “आणि हा कुणाचा?” मी म्हटलं, मामाने भाच्याला पाठवलाय. तर मागून कुणीतरी ओरडलं, “मग डावा तेवढा लिनोला द्या!” सगळे हसले, बायकाही हसल्या. पाद्रीबाबांनी आभाळाकडे पाहिलं, म्हणजे तेही हसत होते. लिनो नारळांच्या ढिगापाशी उभा होता. पुढे आला, जोड घेतला, मान लववली आणि घरी गेला. तीन वर्षं हे असं चाललं आहे. तू इथे नव्हतास म्हणून तुला कळवते. थट्टा मूळची तुझी आहे, तिचं पीक कसं आलं हे तुला कळायला हवं.

तुझं पत्र पेटीच्या तळाशी होतं. साखरेमुळे तुझा पाय कापावा लागला हे वाचून मी नऊ दिवस जपमाळ केली. आता निवृत्तीचे पैसे सुरू झाले आहेत, पोरिरुआची थंडी सोसत नाही, घरी यावंसं वाटतं, आईच्या कबरीशेजारची जागा माझ्यासाठी ठेव, पुढच्या महिन्याच्या जहाजाने येतो, असं तू लिहिलंस. घराण्याची थोरली बहीण म्हणून घर, जमीन, कबर आणि कुणाच्या पानात किती घास, हे सगळं माझ्याकडे आहे. तू माझ्याकडे मागितलंस ते रीतीला धरून झालं. त्याचं उत्तर शेवटी देते.

कोणता पाय ते मात्र तू लिहिलं नाहीस. बुटांनी सांगितलं. उजव्याचा तळ घासलेला आहे, टाचेला तिकडची माती आहे. डावा कोरा करकरीत, किमतीची चिठ्ठी आणि आतला कागदसुद्धा तसाच. मी हे गावात कुणाला बोलले नाही. बोलले असते तर गावाने काय म्हटलं असतं ते इथे वाढलेल्या माणसाला सांगायला नको. देवाच्या हिशोबात मी बोट घालत नाही. लिनोनेही तो कोरा तळ पाहिला. बराच वेळ पाहिला. मग दोन्ही बूट पुसून फळीवर ठेवले. घालत नाही.

तू लहान असताना आईला अंथरूण धरावं लागलं, तेव्हा तुला मीच कडेवर वाढवलं. माडीचा पाक बोटाने चाटवून झोपवायचे. बाबांनी तुला पहिल्यांदा होडीत घेतलं तो दिवस आठवतो का? तू माझ्याकडे बघून भोकाड पसरलंस. बाबांनी तुझ्या दातांत खोबऱ्याचा तुकडा दिला आणि म्हणाले, “परत येईपर्यंत गिळायचा नाही, टाकायचा नाही.” आपल्याकडचं प्रत्येक पोर होडीत गप्प बसायला असंच शिकतं. तांडेल बोलेल, बाकीचे वल्हवतील. तू तो तुकडा खडपातली खिंड ओलांडायच्या आत खाऊन टाकलास. बाबा हसून हसून वाकले. म्हणाले, “हा तांडेल व्हायचा नाही, हा पुढारी होणार!” लिनो सात वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या दातांत तुकडा मी दिला. दुपार उलटल्यावर परतला. होडीतून उडी मारली आणि ओला, चिंबलेला, पण अख्खा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. त्याचे वडील सिमेओना तेव्हा तांडेल होते. त्या रात्रीच्या माशाचं डोकं त्यांनी लिनोच्या पानात घातलं.

सिमेओना गेले आणि पोराला मामा तेवढा उरला. म्हणून तीन वर्षांपूर्वी तू त्या खेळांसाठी येतोस म्हटल्यावर लिनोने अंगण झाडून काढलं होतं. पॅसिफिकच्या सगळ्या बेटांचे खेळ, आणि त्यात पहिल्यांदाच आपली सहा जणांची होडी. झेंड्यावर होडी असलेला देश, आणि इतकी वर्षं आपण गेलो ते टेबल टेनिस न्‌ नेटबॉल घेऊन. पाचही पोरं आपल्या बेटावरची, आतल्या पाण्यात जुन्या मासेमारीच्या होडीत तयार झालेली. मागे सुकाणूवर कोण बसणार यावर वडीलधाऱ्यांची बैठक दोन दिवस चालली. तू पोरिरुआत दारोदार फिरून प्रवासाचे पैसे जमवले होतेस, जहाजावरून माणसं नि माल आणणाऱ्या गावाच्या पडावाला नवं एंजिन दिलं होतंस. कुणीतरी म्हणालं, “तीस वर्षं बस चालवली त्याने, चाक काय नि वल्हं काय!” आणि ठरलं. लिनोला नाळेवरची पहिली जागा मिळाली, सगळ्यात पुढे. माझा भाऊ मागे आणि माझा मुलगा पुढे. मी उपासाची प्रार्थना धरली होती.

शर्यतीचं मला पेलेनातोने सांगितलं, तो लिनोच्या मागेच बसला होता. एवढं सांगायला त्याने वर्षभर घेतलं. प्रत्येक होडीला आपापली वाट आणि वाटेच्या टोकाला आपल्या आकड्याचं निशाण, त्याला वळसा घालून परत यायचं. आपलं निशाण पाचाचं. तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर होता. काठावर आपल्या नेटबॉलच्या मुली गात होत्या. निशाणं जवळ आली आणि होडी वळायला लागली ती चाराकडे. नाळेवरच्या माणसाला आकडा सगळ्यात आधी दिसतो. लिनोने मागे वळून पाहिलं, एकदाच. वल्हवताना मागे वळून पाहायचं नसतं हे त्याला वडिलांनी शिकवलेलं. तरी त्याने मान वळवून थेट तुझ्याकडे पाहिलं. बोलला नाही. मग पुढे पाहून तुझ्या वळणाला वल्हं दिलं, आणि पेलेनातो म्हणतो, इतकं जोरात दिलं की होडी काटकोनात फिरली. तुम्ही तिसरे आलात. मुलींनी कपडे न बदलता पाण्यात उड्या घेतल्या. मग भोंग्यावरून दोन परक्या भाषांत काहीतरी सांगितलं गेलं. बाकीच्यांच्या टाळ्या थांबल्या तेव्हा आपल्या लोकांना कळलं, चुकीच्या निशाणाला वळल्यामुळे आपली होडी बाद झाली. शेजारच्या बेटाचा एकजण जाता जाता म्हणाला, “झेंड्यावरची होडी काढा आता, बस काढा!”

त्याला तूच पहिल्यांदा हसलास म्हणे.

तू संघाबरोबर गावात आलास, तीस वर्षांनी पहिल्यांदा. सभाघरात चटया अंथरल्या होत्या. मी आपल्या घराण्याच्या पानांची वाटणी करत बाजूला बसले होते, म्हणून सगळं ऐकलं. तू उभा राहिलास, गळ्यात फुलांची माळ, डोळ्यांत पाणी. म्हणालास, दोष देत नाही, पोर आहे, घाबरलं. “निशाणापाशी लिनो ओरडला, ‘डावीकडे! डावीकडे!’ आणि मी भाच्यावर विश्वास ठेवला.” मग तू लिनोला जवळ घेऊन सगळ्यांसमोर क्षमा केलीस. लिनो मान खाली घालून उभा. मामाला खोटं म्हणायचं कसं, हे त्याला मी शिकवलंच नव्हतं. बायकांनी डोळे पुसले. मी पण हातातला मासा खाली ठेवला, पण त्याचं कारण वेगळं होतं.

तू विसरला असशील म्हणून लिहिते. होडीत आपल्याकडे डावं-उजवं नसतं. होडी तोलायला बाजूने बांधलेलं लाकूड, उलांडी, ज्या बाजूला ती आमा, मोकळी ती काटेआ. पोर पाळण्यातून उतरतं ते हे दोन शब्द घेऊनच. भीतीने असो, झोपेत असो, मरताना असो, आपल्या बेटाचा माणूस होडीत ओरडला तर “आमा!” म्हणून ओरडेल. ‘डावीकडे’ हा शब्द रस्ता असलेल्या माणसांचा. ज्याच्यापुढे तीस वर्षं चाक होतं त्याच्या तोंडी तो येतो. तू खोटं बोललास ते बोललास, पण तेही पोरिरुआच्या भाषेत बोललास.

आणि हे फक्त मला कळलं असं समजू नकोस. सभाघरात होडीत न बसलेला एक पुरुष नव्हता. तू तो शब्द उच्चारलास तेव्हा सगळ्यांच्या माना एकदमच खाली गेल्या, तुला ते दुःख वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी केलेमेनी मला पाण्याच्या टाकीपाशी भेटला. म्हणाला, “इउतिता, शब्द ऐकलास ना?” मी म्हटलं, ऐकला. तो म्हणाला, “मीही ऐकला. पण एंजिन त्याचं आहे, पुढचंही तोच देणार. पाहुण्याला खोटं ठरवून जहाजावर कसं चढवायचं? पोर जवान आहे, सोसेल.” आणि हसून पुढे म्हणाला, “शिवाय मामाचंच ओझं आहे, भाच्याने नाही उचलायचं तर कुणी?” भर सभेत भावाला खाली पाहायला लावायचं नसतं, ही रीत मी पाळली. बैठकीने ठरवलं, लिनोने पुढचे खेळ होईपर्यंत मासेमारीच्या होडीत पाऊल ठेवायचं नाही. निरपराध आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला शिक्षा देताना लोक जरा जास्तच नीट देतात, तेओफिलो. त्यात कसर राहू देत नाहीत.

तेव्हा त्याचं पीक असं आलं. तरणाताठा मुलगा बायकांबरोबर खडपावर शिंपले वेचू लागला. बायका म्हणायच्या, “लिनो, तो डावीकडचा दे रे!” शाळेतली पोरं धक्क्यावर त्याला पाहिलं की एका सुरात डावा हात वर करतात, मास्तरही थांबवत नाहीत. आकेनेहेचं त्याच्याशी ठरलं होतं, तुला माहीत आहे, तूच तिच्या आईला घड्याळ दिलं होतंस. तिच्या आईने आम्ही दिलेली चटई परत आणली. म्हणाली, “मुलगी काय शिंपल्यांवर जगेल?” चटई मी मोजून घेतली, तिला एक कोपरा उंदराने खाल्लेला होता. आकेनेहे पेलेनातोकडे नांदते, दोन मुलं आहेत. म्हणूनच कदाचित पेलेनातोला सांगायला वर्ष लागलं. गावाच्या वाटणीतून लिनोला काढलं नाही, आपल्याकडे कुणालाच काढत नाहीत. पण त्याचा वाटा मुलांच्या ढिगात ठेवतात, चार बोटांएवढे मासे. तो ते घेऊन येतो आणि मी शिजवते.

मग पडावाचा तांडेल कंबरेने बसला. जहाज बाहेर थांबतं, खडपातल्या खिंडीतून माणसं नि पिंपं आत आणायची, हे काम कुणाला नको असतं. एकाचे दात गेले, एकाचा पाय. बैठकीत कुणीतरी म्हणालं, “पडाव काही मासेमारीची होडी नव्हे, लिनोला द्या.” थट्टेतच दिलं. तर आता दीड वर्ष तोच आणतो, तुझ्याच एंजिनावर, आणि एक पिंप बुडालं नाही की एका म्हातारीचा घोटा भिजला नाही. मागे उभा राहतो, पुढे बघतो. आणि बोलत नाही. पडावात बोलत नाही, आणि आताशा जमिनीवरही फारसं नाही. डुकरांना हाका मारतो तेवढाच त्याचा आवाज मला ऐकू येतो. पुढच्या वर्षीच्या खेळांची यादी परवा चर्चच्या दाराला लागली : नेटबॉल, टेबल टेनिस, भालाफेकीला एक मुलगा. होडी नाही. त्याने यादी वाचली आणि कुंपणाचं दार दुरुस्त करायला बसला.

आता तुझं उत्तर. घर तुझं आहे, ये. आईच्या शेजारची जागा मी मोकळी ठेवली आहे, तिथलं गवतही काढलं. तुला ‘नाही’ म्हणायला मी कोण? पण एका पायाच्या माणसाला जहाजाच्या शिडीवरून दोरीने खाली घ्यावं लागेल आणि खिंडीतून आणावं लागेल. आणणार लिनो, दुसरा कुणी नाही. मागून येणारी लाट सुकाणूवरच्या माणसाला दिसत नाही. आजवर केलेमेनी पडावात पुढे, समुद्राकडे तोंड करून बसायचा आणि लाट उठली की बाजू सांगायचा. आता त्याला दिसत नाही. तेव्हा त्याच्या जागी तुला बसवायचं मी ठरवलं आहे. तुझ्या दातांत या वेळी खोबरं नसेल. सगळं गाव खडपावर उभं असेल आणि ऐकेल. तू ज्या बाजूला म्हणशील तिकडेच लिनो वळवेल, त्याला तसंच शिकवलं आहे. फक्त ‘डावीकडे’ म्हणू नकोस, होडीत त्या शब्दाचा अर्थ त्याला कळत नाही. त्याआधी मला तुझ्या हातचं एकच वाक्य हवं : लिनो बोलला नव्हता. ते आलं तर केलेमेनीला सांगून वाटणीच्या वेळी, नावं पुकारण्याआधी, सगळ्यांसमोर वाचून घेईन, आणि तुला आणायला लिनोला भरतीचं शांत पाणी बघून पाठवीन. नाही आलं तरी तो येईलच, तो आजवर कुणाला जहाजावर ठेवून आलेला नाही. फक्त मग पाणी मी बघणार नाही. हे पत्र आज संध्याकाळच्या जहाजाने निघतं आहे. तू निघायच्या आधी एक जहाज आहे, त्याने उलट टपाली कळव. त्या महिन्याच्या भरतीच्या वेळा मी मांडून ठेवल्या आहेत. ओहोटीच्याही.

तुझीच थोरली बहीण,
इउतिता